थंडीने न मेलेली अळी: रब्बी मक्यावरील लष्करी अळी आणि तापमानाचे गणित

मे २०१८ मध्ये कर्नाटकातील शिवमोग्गा भागात मक्याच्या पोंग्यात, म्हणजे मधल्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत, एक अनोळखी अळी सापडली आणि ती अमेरिकन लष्करी अळी, म्हणजेच स्पोडोप्टेरा फ्रुगिपर्डा, असल्याचे लवकरच निश्चित झाले. आफ्रिका खंडात ती पहिल्यांदा दिसली २०१६ मध्ये, म्हणजे केवळ दोन वर्षे आधी. कर्नाटकातून पावसाळा सरता सरता ती सोलापूर जिल्ह्यातील मक्यावर आली आणि त्याच हंगामात पश्चिम महाराष्ट्रातील उसावरही तिची नोंद झाली. खरिपाचा मका निघून रब्बीच्या पेरण्या सुरू झाल्या तेव्हा साहजिकच प्रश्न उभा राहिला तो थंडीचा. पावसाळी हवेत आलेली ही पीडा हिवाळ्यात टिकेल का?

ती टिकणार नाही अशी आशा धरायला आधार होता. ही कीड मूळची अमेरिका खंडातली, आणि अमेरिकेच्या बहुतांश भागात हिवाळा तिला दरवर्षी मारतो. तिला सुप्तावस्था नाही. आपल्याकडील कपाशीवरची शेंदरी बोंडअळी प्रतिकूल काळ आला की अळीच्या रूपातच झोपून राहते आणि अनुकूल हवा मिळाली की जागी होते. लष्करी अळीला ही सोय नाही. त्यामुळे अमेरिकेत ती हिवाळाभर केवळ दक्षिण फ्लोरिडा आणि दक्षिण टेक्सास अशा उबदार टोकांवर तग धरते आणि उन्हाळ्यात पतंगांच्या रूपाने पुन्हा उत्तरेकडे, थेट कॅनडापर्यंत, सरकत जाते. उत्तरेत पोहोचलेल्या पिढ्या हिमतुषाराने मरतात. परंतु २०१८-१९ च्या हिवाळ्यात महाराष्ट्रात असे घडले नाही. रब्बीच्या मक्यावर आणि ज्वारीवरही अळी दिसत राहिली. हिवाळा आला, पण त्याने अळीला मारले नाही, केवळ तिचा वेग कमी केला. वेग कमी होणे म्हणजे नेमके काय, हे आकड्यांत समजून घेतले तर रब्बीतील निरीक्षण आणि फवारणी यांचे वेळापत्रक खरिपाहून वेगळे का ठेवावे लागते ते आपोआप उलगडते.

किडीच्या अंगात स्वतःची ऊब नसते. भोवतालची हवा, पान आणि माती जितकी तापते तितकेच तिचे शरीर तापते आणि तिची वाढ त्या तापमानानुसार चालते. प्रत्येक किडीचे एक उंबरठा तापमान असते. त्याखाली वाढ जवळपास थांबते आणि त्यावर चढलेला प्रत्येक अंश तिच्या खात्यात जमा होत जातो. एका दिवसाचे सरासरी तापमान उंबरठ्यापेक्षा जितके अंश जास्त असेल तितके अंश-दिवस त्या दिवशी जमा झाले, असे हे साधे गणित आहे. दक्षिण आफ्रिकेत मक्याच्या पानांवर ही अळी १८ ते ३२ अंश सेल्सिअसच्या वेगवेगळ्या स्थिर तापमानांत वाढवून पाहिली गेली आणि त्याचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. अंड्यापासून पतंगापर्यंतच्या संपूर्ण वाढीसाठी उंबरठा १२.५७ अंश आणि एकूण गरज सुमारे ३९२ अंश-दिवस, असे त्यातून निघाले. अवस्थांनुसार पाहिले तर अंड्याला १३ अंशांच्या उंबरठ्यावर सुमारे ३६, अळीला १२.१ अंशांवर सुमारे २०५ आणि कोषाला १३ अंशांवर सुमारे १५० अंश-दिवस लागतात. १८ अंशांत अंड्यापासून पतंग होण्यास सरासरी ७१ दिवस लागले, तर ३२ अंशांत केवळ २०. एकाच किडीच्या आयुष्यात साडेतीन पटींचा हा फरक तापमानाने पाडला.

आता हे आकडे आपल्या रानात उतरवून पाहू. सोलापूर भागात जुलै-ऑगस्टमध्ये दिवस-रात्रीची सरासरी २७ अंशांच्या आसपास असते. तेवढ्या उबेत अंडी अडीच दिवसांत फुटतात, अळी चौदा दिवसांत पोसून होते, कोष अकरा दिवसांत उकलतो आणि पिढी २७ दिवसांत पूर्ण होते. डिसेंबरात त्याच भागात दुपार साधारण २९-३० अंशांची आणि पहाट १५ अंशांच्या आसपासची, म्हणजे सरासरी २२ अंशांची धरली, तर अंडी फुटायला चार दिवस, अळीला एकवीस आणि कोषाला सतरा दिवस लागतात. पिढी ४१-४२ दिवसांवर जाते. नाशिकच्या बाजूला, जिथे ही सरासरी २० अंशांवर येते, तिथे पिढी त्रेपन्न दिवसांची होते. पिढी लांबते, दुप्पटही होते, पण खंडत मात्र कुठेही नाही.

यावरून एक उदाहरण बांधता येते. २० जूनला पेरलेला मका घेऊ. उगवण झाल्यावर, ३० जूनच्या सुमारास, त्यावर पतंगांनी अंडी घातली, तर त्या अंड्यांतून निघालेले पतंग २७ जुलैला बाहेर पडतील आणि तीन-चार दिवसांत स्वतः अंडी घालू लागतील. तेव्हा पीक चाळीस दिवसांचे असते, पोंगा अजून शाबूत असतो आणि दुसऱ्या पिढीला त्याच शेतात कोवळे खाद्य मिळते. आता १५ नोव्हेंबरला पेरलेला मका घेऊ. २५ नोव्हेंबरला घातलेल्या अंड्यांचे पतंग जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात निघतील आणि त्यांची अंडी पडेपर्यंत पीक पंचावन्न दिवसांच्या आसपास, म्हणजे तुऱ्याच्या जवळ पोहोचलेले असेल. रब्बीच्या एका शेतात पोंग्याच्या काळात एकच पूर्ण पिढी बसते. खरिपात एकदा अळी आली की पाठोपाठ दुसरी लाट त्याच शेतात येते, तशी ती इथे येत नाही.

मात्र हे समाधान एका शेतापुरतेच आहे. याच गावात शेजाऱ्याने डिसेंबरच्या अखेरीस मका पेरला असेल, तर जानेवारीत निघालेल्या पतंगांना तिथे नेमका कोवळा, सर्वांत आवडता मका तयार मिळतो. हा पतंग वाऱ्याच्या साथीने एका रात्रीत शंभर किलोमीटरपर्यंत जाऊ शकतो. त्याच्यापुढे गावाची शीव किती टिकणार? मला वाटते, रब्बीत सर्वांत जास्त नुकसान थंडी कमी पडल्याने होत नाही, ते पेरणी महिना-दीड महिना पसरल्याने होते. एकाच शिवारातील पेरण्या पंधरवड्यात उरकल्या तर हिवाळ्याने लांबवलेली पिढी शेतकऱ्याच्या बाजूने काम करते. पेरण्या रेंगाळल्या तर तीच लांबलेली पिढी एका शेताकडून दुसऱ्या शेताकडे जायला पुरेसा अवकाश मिळवते.

कडाक्याच्या थंडीचे काय? निफाड परिसरात हिवाळ्यात पारा अधूनमधून पाच अंशांच्या खाली जातो आणि द्राक्षबागांत शेकोट्या पेटवाव्या लागतात. अशा दिवशी कमाल २५ आणि किमान ५ धरली तर सरासरी १५ येते, आणि साध्या हिशेबाने अळीच्या खात्यात जेमतेम अडीच अंश-दिवस जमा होतात. कागदावर ही अळी जवळजवळ थांबलेली दिसते. परंतु सरासरी इथे फसवते. रात्रभर उंबरठ्याखाली असलेल्या तासांत अळीची वाढ थांबते, पण मागे फिरत नाही, आणि दुपारच्या उन्हातील तास मात्र पूर्ण मोलाने जमा होतात. दिवसाच्या तापमानाची चढ-उतार वक्ररेषेने मोजली तर त्याच दिवसाचे साडेचार अंश-दिवस भरतात, साध्या सरासरीच्या जवळपास दुप्पट. कडाक्याच्या आठवड्यात सरासरीवर विसंबून "अजून अळी लहानच असेल" असे मानणाऱ्याचा अंदाज इथेच चुकतो. ज्या दिवशी किमान तापमान तेरा अंशांच्या खाली असेल, त्या दिवशी दुपारचा आकडा पाहिल्याशिवाय हिशेब करू नये.

शिवाय कोष जमिनीत दोन ते आठ सेंटिमीटर खोल असतो. पहाटेचा गारठा पृष्ठभागावर जितका बोचतो तितका तिथपर्यंत पोहोचत नाही, कारण दिवसभर तापलेली माती रात्री ती ऊब हळूहळू सोडते. अमेरिकेच्या उत्तरेत माती आठवडेच्या आठवडे गोठते आणि तिथे कोषाला मरण येते. दख्खनच्या काळ्या मातीत तशी वेळच येत नाही.

एका गोष्टीकडे मात्र पुरेसे लक्ष दिले जात नाही आणि ती म्हणजे रब्बीतले ढग. ढगाळ हवा आली की हरभऱ्यावर घाटेअळी आणि ज्वारीवर मावा वाढेल, ही धास्ती शेतकऱ्यांत असतेच. मक्यावरील लष्करी अळीचा संबंध थेट तापमानाशी आहे. आकाश निरभ्र असताना कमाल ३० आणि किमान १२ असेल तर सरासरी २१. ढग दाटले की दुपार २८ वर उतरते, पण रात्र १८ वर चढते आणि सरासरी २३ होते. पिढीचा कालावधी साडेशेहेचाळीस दिवसांवरून साडेसदतीस दिवसांवर येतो. दोन अंशांत नऊ दिवस कमी! याउलट खरिपात २७ चे २९ झाले तरी पिढी फक्त तीन दिवस लवकर आटोपते. उंबरठ्याजवळ असताना एकेका अंशाची किंमत फार मोठी असते. हिवाळ्यातील रात्री थोड्या जरी उबदार होत गेल्या, तरी त्याचा परिणाम उन्हाळ्यातील तितक्याच वाढीपेक्षा या अळीच्या पिढ्यांवर कितीतरी जास्त होईल, असे यातून स्पष्ट दिसते.

शेतात हे कसे दिसते ते पाहायचे असेल तर जानेवारीतल्या सकाळी आठच्या सुमारास, दव अजून पानांवर असताना, पोंगा उलगडून पाहावा. पोंग्याच्या तोंडाशी लाकडाच्या भुशासारखी विष्ठा साचलेली असते. ती ओलसर, पिवळसर-तपकिरी असेल तर आत अळी जिवंत आहे आणि खात आहे. सुकून दाणेदार झाली असेल तर अळी कोषात जाण्यासाठी जमिनीत उतरली किंवा मेली असावी. गुंडाळलेली पाने हलक्या हाताने सोडवली की तळाशी, दांड्याला अंग लावून, गारठ्याने मंदावलेली अळी बसलेली सापडते. डोक्यावर पांढुरकी, उलट्या 'वाय' अक्षरासारखी रेघ आणि शेपटीकडच्या आठव्या खंडावर चौकोनाच्या चार कोपऱ्यांत चार ठळक काळे ठिपके दिसले की ओळख पक्की झाली. बोट लावले तर ती खरिपातल्या अळीसारखी चटकन वळत नाही; अंग आकसून घेते आणि पडून राहते. उन्हे वर आली, पोंगा तापला की तीच अळी पुन्हा खायला लागते. पानांवर एका ओळीत पडलेली छिद्रे ही पाने पोंग्यात गुंडाळलेली असताना एकाच चाव्यात झालेली असतात. पान उलगडल्यावर ती दिसतात, तोवर अळी बरीच मोठी झालेली असते.

थंडीमुळे अळी जास्त दिवस पोंग्यात राहते, म्हणून नुकसान जास्त होते, असा समज ऐकायला मिळतो. हा समज तपासून पाहण्यासारखा आहे, कारण थंडीत मकाही मंदावतो. मक्याचे उंबरठा तापमान साधारण १० अंश धरले जाते, म्हणजे अळीपेक्षा अडीच अंश खाली. २७ अंशांत मक्याला दिवसाला १७ अंश-दिवस मिळतात आणि २० अंशांत १०, म्हणजे त्याचा वेग सुमारे ५९ टक्क्यांवर येतो. त्याच घसरणीत अळीचा वेग सुमारे ५१ टक्क्यांवर येतो. १६ अंशांत हा फरक आणखी रुंदावतो, मका ३५ टक्क्यांवर तर अळी २४ टक्क्यांवर. थंडीत दोघेही मंदावतात, परंतु अळी अधिक मंदावते. पाणी आणि नत्र वेळेवर मिळालेले पीक या शर्यतीत पुढे निघते आणि नवी पाने अळीच्या तोंडापेक्षा जरा लवकर वर काढते. ताण बसलेल्या पिकात हा फायदा वाया जातो, आणि थंडीत नुकसान जास्त दिसते ते बहुधा अशाच शेतांत.

उलट, पावसाळ्यातील दोन मित्र रब्बीत सोबतीला नसतात. खरिपातील जोराच्या सरींनी पोंग्यात पाणी भरते आणि लहान अळ्या वाहून जातात किंवा बुडून मरतात. तसेच मेटारायझियम रिलेयी ही बुरशी दमट हवेत अळ्यांना लागते; मेलेली अळी पानाला चिकटून आधी पांढरी आणि मग पोपटी, खडूसारखी कडक झालेली दिसते. रब्बीच्या कोरड्या हवेत ही बुरशी फारशी फोफावत नाही. म्हणून तापमानाच्या हिशेबात खरीप अळीला जितका अनुकूल दिसतो तितका तो सगळ्या बाजूंनी नसतो, आणि रब्बीही केवळ थंडीमुळे सुरक्षित ठरत नाही.

उष्णतेच्या दुसऱ्या टोकाबद्दल थोडक्यात. वर उल्लेखलेल्या प्रयोगात वाढीचा वेग ३० अंशांपर्यंत सरळ रेषेत वाढला, परंतु सर्वाधिक अळ्या जगल्या त्या २६ ते ३० अंशांत. वाढ सर्वांत जलद होण्याचे तापमान आणि जगण्याची शक्यता सर्वांत चांगली असण्याचे तापमान एकच असते असे नाही. विदर्भाच्या मे महिन्यात, दुपारचा पारा चाळिशी ओलांडत असताना, अंश-दिवसांचे सरळ गणित लावून वीस दिवसांत पिढी निघेल असे म्हणणे चुकीचे ठरेल, कारण तिथे ही सरळ रेषाच लागू राहत नाही.

आता निर्णयाकडे वळू. ही अळी सहा अवस्थांतून जाते. पहिल्या तीन अवस्थांत ती फारच थोडे खाते. जवळपास सगळा फडशा शेवटच्या दोन-तीन अवस्थांत पडतो. औषधही लहान अळीवरच लागू पडते, कारण मोठी अळी पोंग्यात खोल जाते आणि तिच्या विष्ठेचे बूच फवारा आत जाऊ देत नाही. या पहिल्या तीन अवस्थांना अळीच्या आयुष्याचा निम्म्याच्या आसपास काळ लागतो. म्हणजे खरिपात, २७ अंशांत, अंडी फुटल्यापासून हाताशी सहा-सात दिवस असतात. रब्बीत, २२ अंशांत, दहा दिवस, आणि नाशिकच्या २० अंशांत बारा-तेरा दिवस. खरिपात आठवड्यातून एकच फेरी मारणारा शेतकरी ही संधी सहज गमावतो. तिथे दोन फेऱ्या लागतात. रब्बीत आठवड्याची एक फेरी पुरते, अट एवढीच की ती फेरी खरोखर पोंगे उलगडून व्हावी.

या वेळापत्रकाची सुरुवात अंड्यांपासून किंवा कामगंध सापळ्यातील (मादीच्या गंधाने नर पतंग ओढणाऱ्या सापळ्यातील) पतंगांपासून करावी. एका मादीने घातलेला अंडीपुंज शे-दोनशे अंड्यांचा असतो आणि त्यावर तिने स्वतःच्या अंगावरील करड्या खवल्यांचा लोकरीसारखा थर पसरलेला असतो. पान उलटे करून पाहिले तर तो बुरशीच्या डागासारखा वाटतो, म्हणून दुर्लक्षिला जातो. हा पुंज बोटाने चिरडून टाकणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे, आणि रब्बीत त्यासाठी अडीचऐवजी चार-पाच दिवसांची मुदत मिळते. पुंज हाती लागले नाहीत आणि लहान अळ्या दिसल्या, तर निंबोळीयुक्त औषधाने सुरुवात करावी. प्रादुर्भाव वाढलेला असल्यास दहा लिटर पाण्यात इमामेक्टिन बेंझोएट ५ एसजी ४ ग्रॅम, किंवा क्लोरॅन्ट्रानिलिप्रोल १८.५ एससी ४ मिली, किंवा स्पिनेटोरम ११.७ एससी ५ मिली, यांपैकी एकच घ्यावे, लेबलावरील सूचना पाहूनच वापरावे आणि फवारा पोंग्यात जाईल असा नोझल धरावा. हिवाळ्यात मी सकाळच्या फवारणीच्या विरोधात आहे. गारठलेली अळी तेव्हा खात नसते आणि वरील औषधे मुख्यतः खाण्यातून तिच्या पोटात जातात. दुपारी चारनंतर, पान अजून ऊबदार असताना आणि अळी खाण्यात गुंतलेली असताना, फवारणी करावी.

मुरघासासाठी, म्हणजे आंबवून साठवायच्या हिरव्या चाऱ्यासाठी, लावलेल्या मक्याचा विचार वेगळा करावा लागतो. दाणा चिकात असताना, साधारण ऐंशी-नव्वद दिवसांत, तो कापला जातो. तेव्हा शेवटच्या अळ्या कणसांत आणि त्यांचे कोष जमिनीत असतात. डिसेंबरात कापणी झाली असेल तर कोष सतरा दिवस किंवा जास्त काळ मातीत पडून राहतो आणि नांगरणीला उसंत मिळते. नांगराने वर आलेले कोष बगळे, साळुंक्या आणि दुपारचे ऊन संपवतात. मार्चमध्ये मात्र सरासरी २८ अंशांवर गेलेली असते आणि तोच कोष दहा दिवसांत उकलतो. त्या वेळी बोअरच्या पाण्यावर उगवलेला उन्हाळी चाऱ्याचा मका शेजारच्या वावरात वीतभर उंचीचा झालेला असतो. म्हणून मार्चमध्ये कापलेले रान आठवड्याच्या आत नांगरावे. एरवी जसे वाफशाची आणि बैल-ट्रॅक्टरच्या पाळीची वाट पाहत पंधरा दिवस सोडले जाते, तसे ते सोडू नये.